उसनी की दिलेली

बाजार समितीच्या आवारातल्या एका गाळ्यावर, इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडलेल्या छोट्या प्रिंटरमधून निघालेल्या एका वजनपावतीचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे. तारीख बरोबर, मालाचे नाव बरोबर, गोण्यांची संख्या बरोबर आणि निव्वळ वजन शेवटच्या ग्रॅमपर्यंत बरोबर. शेतकऱ्याच्या नावाच्या जागी मात्र फक्त ‘ज्ञ’ हे अक्षर आणि त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन. त्या गृहस्थांचे नाव ज्ञानेश्वर होते. आपल्या मालाची पावती हातात घेऊन त्यांनी ‘माझे नाव कुठे गेले?’ असे विचारले, तेव्हा गाळ्यावरच्या माणसाकडे उत्तर नव्हते. तो फोटो फिरत फिरत पुण्यात माझ्यापर्यंत आला, कारण शोध घेता घेता सगळे जण ज्या ठिकाणी येऊन थांबले, ते ठिकाण माझ्या देखभालीतले होते.

काट्याशी बोलणारी आमची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोडचा संच, सी भाषेत आहे आणि गाळ्यावरचा प्रोग्राम पायथनमध्ये. पावतीवर मजकूर छापणारे सीमधले फंक्शन दोन गोष्टी मागते: मजकूर आणि त्याची लांबी. सीच्या दृष्टीने लांबी म्हणजे बाइटांची संख्या. पायथनला लांबी विचारली, तर तो युनिकोडमधली चिन्हे मोजून देतो. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात अशी चिन्हे १० आहेत (ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र), आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्यामुळे बाइट होतात ३०. पायथनने १० हा आकडा दिला आणि सीने इमानेइतबारे १० बाइट छापले. पहिल्या ९ बाइटांत ‘ज्ञ’ पुरा झाला आणि दहावा बाइट म्हणजे पुढच्या कान्याचा एक तृतीयांश तुकडा, त्याचा झाला चौकोन. रोमन लिपीतल्या साध्या अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून तिथे दोन्ही आकडे जुळतात. आमच्या सगळ्या चाचण्यांमधली नावे रोमन लिपीत होती. पुण्यात बसून, मराठी मुलखातल्या बाजारांसाठी काम करणाऱ्या आम्हा मंडळींच्या चाचण्यांमध्ये एकही मराठी नाव नसावे, याचे मला आजही वाईट वाटते.

सी लिहिणाऱ्याची यात चूक नव्हती आणि पायथन लिहिणाऱ्याचीही नव्हती. दोघांच्या मध्ये एक फाइल असते. सीमधले कोणते फंक्शन काय मागते आणि काय परत करते, याची नोंद त्या फाइलमध्ये असते आणि ती नोंद वाचूनच पायथनकडचा दुवा, म्हणजे बाइंडिंग, तयार होते. त्या फाइलमध्ये या फंक्शनबद्दल लिहिले होते: पहिला मजकूर, दुसरा पूर्णांक. ही माहिती खरी होती आणि अपुरी होती. ती फाइल माझा पार्सर लिहितो.

या पार्सरचे काम थोडक्यात सांगते. लायब्ररी जुनी आहे. ती गाळ्यावरच्या संगणकासाठी पायथनमधून, हातातल्या यंत्रासाठी जावामधून आणि काही जुन्या ठिकाणी सी-शार्पमधून वापरली जाते. प्रत्येक भाषेसाठी हाताने दुवे लिहायचे म्हटले, तर एक फंक्शन बदलले की तीन ठिकाणी हात घालावा लागतो आणि त्यातले एखादे ठिकाण हमखास राहून जाते. म्हणून पार्सर सीच्या हेडर फाइली, म्हणजे फंक्शने जाहीर करणाऱ्या फाइली, वाचतो, त्यांतली फंक्शने, रचना, स्थिरांक आणि त्यांच्या डोक्यावर लिहिलेल्या कमेंट, म्हणजे टिपा, समजून घेतो आणि या सगळ्याची एक एक्सएमएल नोंदवही तयार करतो. प्रत्येक भाषेचा जनरेटर ती नोंदवही वाचून आपापले बाइंडिंग बनवतो. पार्सर मी लिहिलेला नाही. तो मला वारशाने मिळाला आणि गेली नऊ वर्षे मी तो सांभाळते आहे.

ही कल्पना आमच्या घरची नाही. सी भाषेतले कोड इतर भाषांना जोडून देणारे स्विग हे साधन डेव्हिड बीझली यांनी १९९५ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत लिहायला घेतले, तेव्हापासून हा धंदा रुजला. आमच्या पार्सरचा खरा आदर्श मात्र नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या प्रकल्पातले जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन. त्याआधी खिडक्या आणि बटणे दाखवणारी जीटीके ही लायब्ररी पायथनमधून वापरण्यासाठी पायजीटीके होते. त्यासाठी फंक्शनांची वर्णने वेगळ्या फाइलींत ठेवून हाताने दुरुस्त करत बसावे लागे आणि मूळ लायब्ररी पुढे गेली की ती वर्णने मागे राहत. इंट्रोस्पेक्शनने वर्णन मूळ सी कोडच्या शेजारी, कमेंटमध्ये नेऊन ठेवले. तिथला स्कॅनर हेडर आणि कमेंट वाचून जीआयआर नावाची एक्सएमएल फाइल काढतो, कंपायलर तिची टाइपलिब नावाची आटोपशीर फाइल बनवतो आणि पायथन किंवा जावास्क्रिप्ट प्रत्यक्ष चालताना ती टाइपलिब वाचून लिबएफएफआय या मध्यस्थ लायब्ररीमार्फत सीचे फंक्शन हाकारते. एप्रिल २०११मध्ये नोम ३ आले. त्याच्या शेलचा दर्शनी भाग मोठ्या प्रमाणात जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, आणि तो या नोंदींच्या आधारावरच उभा आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तो स्कॅनर ओळीओळीने वाचला. आपल्याला जे प्रश्न छळत होते, तेच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी नीट मांडून, नावे देऊन ठेवले आहेत, हे पाहून मला जे बळ मिळाले ते मी विसरणार नाही.

ते प्रश्न असे. सीच्या हेडरमध्ये एखादे फंक्शन अक्षरांचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, परत करते एवढेच लिहिलेले असते. तो पॉइंटर म्हणजे वाचता येणारा मजकूर आहे, की नुसत्या बाइटांची रांग आहे, की फाइलचे नाव आहे? लिनक्सवर फाइलचे नाव वैध यूटीएफ-८ असलेच पाहिजे असे बंधन नाही, म्हणून ती वेगळी जात धरावी लागते. तो पॉइंटर कधी रिकामा येऊ शकतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, मजकुराने व्यापलेली मेमरी शेवटी कोणी मोकळी करायची? सीच्या व्याकरणात या प्रश्नांना जागाच नाही. सी लिहिणारा माणूस दस्तऐवज वाचून, नाहीतर शेजारच्या टेबलावर विचारून, उत्तर मनात ठेवतो. यंत्राला शेजारचे टेबल नसते.

मेमरीच्या मालकीसाठी इंट्रोस्पेक्शनमध्ये ‘ट्रान्सफर’ नावाची खूण आहे आणि तिचे मुख्य पर्याय तीन: नन, कंटेनर आणि फुल. आमच्या चमूत या शब्दांचा बोलताना फार गोंधळ व्हायचा. मग कधीतरी आम्ही आपले शब्द वापरू लागलो. नन म्हणजे वस्तू उसनी: पाहा, वापरा, पण ती तुमची नाही, टाकून देऊ नका. फुल म्हणजे दिलेली: आता ती तुमची, काम झाले की विल्हेवाट तुम्हीच लावायची. आणि कंटेनर म्हणजे डबा दिला, आतला जिन्नस उसना: यादीची मेमरी मोकळी करायची, पण यादीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचा नाही. हे शब्द रुळले आणि नव्याने आलेली मुलेसुद्धा पहिल्याच आठवड्यात ‘ही स्ट्रिंग उसनी की दिलेली?’ असे विचारू लागली. प्रश्न विचारता येणे हे या कामात निम्म्याहून अधिक आहे, असे माझे मत आहे.

उत्तर चुकले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. दिलेली वस्तू उसनी समजली, तर ती कोणीच मोकळी करत नाही. मेमरी हळूहळू गळत राहते आणि चार दिवसांनी गाळ्यावरचा संगणक मंदावतो. उसनी वस्तू दिलेली समजली, तर दुसऱ्याची वस्तू आपण मोडून टाकतो आणि प्रोग्राम जागीच बंद पडतो. आमच्याकडे शेवटच्या चुकीचा संदेश परत करणारे एक फंक्शन होते. कमेंटमध्ये मालकीची खूण नसेल, तर हेडरवरून अंदाज बांधायचा असा इंट्रोस्पेक्शनच्या स्कॅनरचा नियम मी तेव्हा उचललेला होता: परतीच्या मजकुराआधी ‘कॉन्स्ट’ (हे बदलू नका, असे सांगणारा सीचा शब्द) असेल तर उसनी, नसेल तर दिलेली. नियम समंजस आहे आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण हे फंक्शन लिहिणाऱ्याने फार पूर्वी ‘कॉन्स्ट’ लिहायचे राहून गेले होते आणि परत येणारा मजकूर लायब्ररीच्या पोटातल्या एका कायमच्या जागेत होता. पार्सरने ‘दिलेली’ असे नोंदवले. पायथनच्या बाइंडिंगने संदेश वाचून ती जागा मोकळी करण्याचा प्रयत्न केला आणि प्रोग्राम कोसळला. म्हणजे काट्याशी संपर्क तुटला, केबल सैल झाली, कागद संपला, अशा ज्या क्षणी वापरणाऱ्याला संदेश मिळायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी त्याच्यासमोरची खिडकी नाहीशी व्हायची. सगळे सुरळीत असताना मात्र काहीही व्हायचे नाही, त्यामुळे आमच्या कार्यालयात ते कधी दिसलेच नाही.

त्यानंतर मी अंदाज बांधणे बंद केले. पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनवर मालकीची खूण नसेल, तर ते फंक्शन नोंदवहीत जाणारच नाही, असा नियम पार्सरमध्ये घातला. इंट्रोस्पेक्शनच्या स्कॅनरलाही जिथे पुरेशी माहिती मिळत नाही, उदाहरणार्थ यादी आहे पण यादीत काय आहे ते लिहिलेले नाही, तिथे तो त्या फंक्शनवर ‘बाहेरून वापरण्याजोगे नाही’ असा शिक्का मारतो. मी तोच कडकपणा थोडा पुढे नेला. नियम लागू झाला त्या दिवशी पायथनमधून दिसणारी बरीच फंक्शने एकदम नाहीशी झाली आणि चमूत साहजिकच नाराजी पसरली. कालपर्यंत चालत होते ते आज का चालत नाही, हा प्रश्न रास्त होता. मी पार्सरला प्रत्येक वगळलेल्या फंक्शनचे नाव, फाइल, ओळ आणि कारण छापायला लावले, ती यादी घेऊन आठवडाभर टेबलाटेबलावर फिरले आणि एकेक खूण लिहून घेतली. फंक्शन नसणे हे लगेच दिसते आणि त्याची तक्रार पहिल्याच दिवशी येते. चुकीची नोंद दिसत नाही. ती पावतीवर, दूर गावी, दुसऱ्याच माणसाच्या नावाच्या जागी उमटते. या बाबतीत माझे मन अजिबात डळमळीत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटते की पार्सर सांभाळणे म्हणजे व्याकरण सांभाळणे. व्याकरणाचेही काम असते. सीमध्ये ‘क गुणिले ख’ हा गुणाकार आहे की ‘ख’ हा ‘क’ जातीचा पॉइंटर आहे, हे नुसत्या ओळीवरून सांगता येत नाही, कारण दोन्हींचे लेखन अक्षरशः एकच असते. ‘क’ हे आधी कुठे जातीचे नाव म्हणून जाहीर झाले आहे का, ते पार्सरने टोकन, म्हणजे सुटे शब्द, पाडणाऱ्या भागाला मागे जाऊन सांगावे लागते. भाषाही बदलत राहते. सी२३ या मानकात ‘बूल’ हा शब्द भाषेचा स्वतःचा झाला आणि दुहेरी चौकटी कंसातल्या खुणा वैध ठरल्या. जीसीसी या सी कंपायलरच्या १५व्या आवृत्तीने २०२५मध्ये, वेगळे काही सांगितले नाही तर, तीच बोली धरली. आमच्या एका जुन्या हेडरमध्ये ‘बूल’ ही जात हाताने घडवलेली होती आणि ती ओळ दुरुस्त करावी लागली. आधाराला घेतलेल्या गोष्टीही पायाखालून सरकतात. पायथन ३.१२मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधण्याचे साधन काढून टाकले गेले, तेव्हा इंट्रोस्पेक्शनच्या स्कॅनरलाही त्याची झळ बसली, कारण कंपायलर हाताळण्यासाठी तो त्यावर विसंबून होता. पण अशा अडचणी स्वतःहून ओरडून सांगतात की मी इथे आहे, आणि दोन दिवसांत त्या मिटतात. व्याकरणाचे सगळे काम लिबक्लँग या सी वाचणाऱ्या तयार लायब्ररीवर सोपवावे, असे माझ्या मनात आहे आणि बहुधा मी ते करेनही. त्याने माझ्या दिवसातले फारसे काम कमी होणार नाही.

खरे अवघड असते ते ‘कधीपर्यंत’ या प्रश्नाचे उत्तर. काट्यावरचे वजन स्थिर झाले की अमुक फंक्शन हाकार, असे पायथनमधून सीला सांगता येते. सी ते फंक्शन लक्षात ठेवते. पण ते कधीपर्यंत जिवंत ठेवायचे, हे पायथनला कळायला हवे, नाहीतर आता हे कोणी वापरत नाही असे समजून पायथनचा मेमरी आवरणारा भाग ते उचलून टाकतो, आणि पाच मिनिटांनी काट्यावर पोते चढले की सी रिकाम्या जागेला हाक मारते. या ठिकाणी इंट्रोस्पेक्शनची ‘स्कोप’ ही खूण लागते: फक्त हा कॉल संपेपर्यंत, की एकदा उत्तर येईपर्यंत, की ‘आता गरज संपली’ असा निरोप वेगळ्या फंक्शनने येईपर्यंत. हेडरमध्ये या तिन्हींचे रूप जवळजवळ सारखे दिसते. चूक झाली, तर कोसळण्याचे ठिकाण मूळ चुकीपासून इतके दूर असते की शोधणारा माणूस आठवडाभर भलत्याच फाइलीत फिरत राहतो. मी तसा आठवडा काढलेला आहे.

पावतीवरच्या नावाकडे परत येते. त्या घटनेनंतर मी पार्सरला एक नवी खूण शिकवली: ‘हा पूर्णांक म्हणजे अमुक मजकुराची बाइटांतली लांबी आहे’. ही खूण दिसली की पायथनचे आणि जावाचे जनरेटर ती लांबी वापरणाऱ्याकडून मागतच नाहीत. ते मजकुराचे यूटीएफ-८मध्ये रूपांतर करून बाइट स्वतः मोजतात आणि सीला देतात. जो आकडा चुकीचा दिला जाऊ शकतो, तो मागायचाच कशाला, हे मला तेव्हा सुचले आणि मग इतर ठिकाणीही ते लागू करता आले. असा खड्डा फक्त आमच्याच रस्त्यात आहे असे मात्र नाही. जीटीके ज्या पँगोच्या मदतीने मजकूर मांडते, त्या पँगोमध्ये एखाद्या शब्दाला रंग द्यायचा असेल, तर सुरुवात आणि शेवट बाइटांत सांगावे लागतात. पायथनमध्ये मोजलेल्या जागा तशाच दिल्या, तर रोमन मजकुरात रंग नेमका बसतो आणि मराठी ओळीत तो भलतीकडेच, अक्षराच्या मध्येच संपतो. पायथनमधून पँगो वापरणाऱ्या मराठी माणसाने हे एकदा स्वतः करून पाहावे. आमच्या चाचण्यांमध्ये आता ज्ञानेश्वर आहेत, कृष्णाबाई आहेत, श्रीरंग आहेत, आणि ‘ऱ्ह’ असलेली आडनावेही आहेत. रोमन नावे शेवटी येतात.

आणखी एका गोष्टीवर मी हट्ट धरला आहे. पार्सरने लिहिलेली नोंदवही आम्ही कोडबरोबर जपून ठेवतो आणि प्रत्येक आवृत्तीच्या वेळी जुन्या-नव्या नोंदवहीतला फरक मी स्वतः डोळ्यांखालून घालते. त्यासाठी नोंदींचा क्रम दर वेळी तोच यावा म्हणून पार्सरमध्ये खास काळजी घेतलेली आहे, नाहीतर खरा फरक कचऱ्यात हरवतो. याचे कारण असे की कमेंटमधला एक शब्द बदलला, तरी सी कंपायलरला त्याचा पत्ता नसतो. हेडर तेच, फंक्शन तेच, चाचण्या हिरव्या. पण ‘उसनी’चे ‘दिलेली’ झाले, तर तीन भाषांमधला करार बदललेला असतो. बदल तपासणारी माणसे कमेंटवरून नजर सरकवून पुढे जातात, ही सवय स्वाभाविक आहे आणि आमच्याकडे ती मोडावी लागली. कमेंटमधल्या खुणेचा बदल आता दोन जणांनी वाचल्याशिवाय आत येत नाही.

गेल्या वर्षी लायब्ररीच्या मूळ लेखकांपैकी शेवटचे सर निवृत्त झाले. जायच्या आधी तीन आठवडे ते रोज दुपारी एक तास माझ्याजवळ बसायचे. मी पार्सरची ‘वगळलेली फंक्शने’ ही यादी उघडायची, ते चष्मा वर सरकवून फंक्शनचे नाव वाचायचे आणि सांगायचे, ‘ही दिलेली. हीपण दिलेली. ही उसनी, पण काटा बंद केला की संपली, ते लिहून ठेव.’ काही ठिकाणी ते बराच वेळ गप्प बसायचे, मग कोडच्या आत जायचे, वीस वर्षांपूर्वी आपणच लिहिलेली ओळ वाचायचे. एकदा म्हणाले, ‘अगं, हे मी कुणाला सांगायचे राहूनच गेले.’ मी म्हटले, ‘सर, विचारलेच कुणी नव्हते.’

त्यांचा शेवटचा दिवस आला, तेव्हा यादीत एकच फंक्शन उरले होते. जुन्या बनावटीच्या एका काट्याचा क्रमांक मजकूर म्हणून परत करणारे. एका वाटेने गेले, तर मजकूर नव्याने तयार होत होता. दुसऱ्या वाटेने गेले, तर आधी साठवलेलाच परत येत होता, आणि ही दुसरी वाट प्रत्यक्षात कधी घेतली जाते का, ते त्यांना आठवेना. मी खूण लिहिली नाही. पायथनमध्ये ते फंक्शन दिसत नव्हते आणि दोन ठिकाणांहून त्याची मागणी येत होती, तरी नाही लिहिली.

सतरा दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. जुनी कागदपत्रे आवरताना त्या काट्याची पुस्तिका त्यांना सापडली होती. क्रमांक साठवून ठेवणारी सोय त्या बनावटीत कधी आलीच नव्हती, म्हणजे दुसऱ्या वाटेने जाणे शक्यच नव्हते. ‘दिलेली आहे ती,’ ते म्हणाले. ‘दुसरी फांदी काढून टाक आणि लिही.’ मी फांदी काढली, कमेंटमध्ये तो शब्द लिहिला आणि पार्सर चालवला. नोंदवहीच्या फरकात नवे काही आले ते एवढेच: त्या एका फंक्शनची नोंद आणि तिच्यात परतीच्या मजकुरापुढे मालकीची खूण. वगळलेल्या फंक्शनांच्या यादीची फाइल पहिल्यांदाच रिकामी निघाली. मी ती तशीच जोडून सरांना पाठवली.